फळमाशीच्या जातिनिर्णयात बाह्य लक्षणांचे प्रामाण्य

आशियातील फळमाश्यांच्या ‘डॉर्सॅलिस-संकुला’ची पुनर्मांडणी करणारा ड्रू व हॅनकॉक यांचा प्रबंध १९९४ साली ‘बुलेटिन ऑफ एन्टोमॉलॉजिकल रिसर्च’ या नियतकालिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात ५२ जातींचे वर्णन असून त्यांपैकी ४० जाती शास्त्राला नव्या म्हणून सादर केल्या होत्या. आर्थिक महत्त्वाच्या कीटकांच्या एकाच गटात एकाच प्रबंधाने इतकी भर घालावी, असे क्वचितच घडते. पुढे एकवीस वर्षांनी, २०१५ साली, शुट्झ व त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनी या संकुलातील सर्वांत उपद्रवी अशा जातींची स्वतंत्र नावे रद्द ठरवून त्या साऱ्या एका जुन्याच नावाखाली आणल्या. ज्या माश्यांत एका पिढीच्या अभ्यासकांना तीन-चार जाती दिसल्या, त्यांच मा‍श्यांत पुढच्या पिढीला एकच जात दिसावी, हा नुसता नामांतराचा प्रश्न नव्हे. माशीच्या अंगावरील खूण जातिभेदाचे प्रमाण म्हणून केव्हा ग्राह्य धरावी व केव्हा नाकारावी, हा तत्त्वाचा प्रश्न त्यातून उभा राहतो. या वादासंबंधी पुष्कळ लिहिले गेले असले तरी या तत्त्वाचा ऊहापोह त्यात अभावानेच आढळतो.

प्रस्तुत संकुलाची प्रमुख माशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. आकाराने ती साधारण घरमाशीएवढी, पण ठेवणीने गांधीलमाशीची आठवण करून देणारी असते. वक्षाची पाठ बहुधा काळी, तिच्या दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा, पाठीमागची ढालीसारखी लहान चकती पिवळी, उदर तांबूस-तपकिरी व त्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची काळी खूण, आणि पारदर्शक पंखाच्या पुढच्या कडेने टोकापर्यंत गेलेला अरुंद तपकिरी पट्टा, अशी तिची ठळक लक्षणे आहेत. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीत सुईसारखा अंडनिक्षेपक खुपसून अंडी घालते. अळ्या गर खाऊन वाढतात व कोष करण्यासाठी जमिनीत उतरतात. आंबा, पेरू, पपई, केळी, चिकू यांसह शेकडो फळे तिला चालतात. या सर्वभक्षकतेमुळेच तिच्या नावाला बाजारात किंमत आली आहे.

नावाचा इतिहास बोधप्रद आहे. फॅब्रिसियसने १७९४ मध्ये तिला ‘फेरुजिनिया’ म्हणजे गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची असे नाव दिले. पण ते नाव आधीच दुसऱ्या माशीला दिलेले असल्यामुळे नामकरणाच्या नियमानुसार ते टिकू शकले नाही. हेंडेल यांनी १९१२ मध्ये फॉर्मोसाच्या नमुन्यांवरून ‘डॉर्सॅलिस’ हे नाव दिले. बेझी यांनी १९१६ मध्ये भारत, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप येथील फळमाश्यांची व्यवस्था लावली, तेव्हा हेंडेलची ही माशी त्यांनी ‘फेरुजिनियस’चा एक उपभेद म्हणून घातली. रंगाने फिकट, रंगाने गडद, पट्ट्याने रुंद, पट्ट्याने अरुंद अशा माश्या एकाच जातीच्या छत्राखाली ठेवण्याकडे त्यांचा कल होता. ज्या नियतकालिकात बेझींनी हा कल व्यक्त केला, त्याच नियतकालिकाच्या पुरवणीत अठ्ठ्याहत्तर वर्षांनी त्याच्या नेमका उलट कल प्रकट व्हावा, हा योगायोग खरा. परंतु मधल्या काळात शास्त्राची दृष्टी कशी बदलली हेही त्यातून दिसते. १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर यांनी ‘सहोदर जाती’ची कल्पना रूढ केली. बाह्यतः जवळजवळ एकरूप, पण परस्परांत प्रजोत्पादन न करणाऱ्या जाती निसर्गात असतात, हे मान्य झाल्यावर प्रत्येक मोठ्या, पसरट जातीच्या पोटात आणखी काही जाती दडल्या असाव्यात असा संशय घेणे हेच शहाणपणाचे ठरू लागले. हार्डी यांनी १९६९ मध्ये आग्नेय आशियातील ‘डॉर्सॅलिस’ ही एक जात नसून परस्परसदृश जातींचा समूह आहे हे दाखवून दिले, ते याच दृष्टीचे फळ होय.

ड्रू व हॅनकॉक यांच्या प्रबंधाची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. त्यांच्यापूर्वी मलायातील बागांत एकाच सापळ्यात सापडणाऱ्या दोन माश्यांना ‘मलेशियन अ’ व ‘मलेशियन ब’ अशी कामचलाऊ नावे देऊन संशोधक वेळ निभावून नेत होते. त्यांपैकी ‘अ’ला कॅरांबोली व ‘ब’ला पपाये ही नावे देऊन त्यांनी त्यांच्या खुणा निश्चित केल्या. कॅरांबोलीच्या पंखावरील पट्टा टोकाशी किंचित रुंदावून गळासारखा वळतो, मादीच्या पुढच्या पायाच्या मांडीवर बहुधा एक लहान काळा ठिपका असतो, आणि उदराच्या चौथ्या खंडाच्या पुढील कोपऱ्यांतील काळे डाग आयताकृती असतात. पपायेचा अंडनिक्षेपक लांब आणि पंखावरचा पट्टा अरुंद. ही लक्षणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागत असली तरी ती दिसतात, मोजता येतात, आणि दुसऱ्या अभ्यासकाने पाहिली तर त्यालाही दिसतात. (‘कॅरांबोली’ हे नाव ज्या फळावरून आले त्या कॅरांबोलाचे पोर्तुगीज नाव मराठीतील ‘करंबळ’ या शब्दावरूनच गेले आहे, गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात या फळाची नोंद घेतली होती. माशी मात्र मलाया-जावा बाजूची.)

तथापि याच प्रबंधात दोन अगदी निराळ्या प्रकारची अनुमाने एकाच तराजूत तोलली गेली आहेत, आणि त्यावर बोट ठेवणे अवश्य आहे. कॅरांबोली व पपाये या दोन माश्या एकाच गावात, एकाच झाडाच्या फळांवर, एकाच ऋतूत वावरतात. परस्परांशी समागम करण्याची संधी त्यांना रोज उपलब्ध असते. असे असूनही पंखाचा पट्टा, मांडीवरचा ठिपका, अंडनिक्षेपकाची लांबी हे भेद गठ्ठ्याने एकत्र राहतात. एकीचा ठिपका व दुसरीचा अंडनिक्षेपक अशी सरमिसळ सर्रास आढळत नाही. याचा अर्थ दोघींच्यामध्ये निसर्गानेच भिंत उभी केली आहे. येथे खूण ही त्या भिंतीची साक्षीदार आहे. उलट पपाये व डॉर्सॅलिस यांची गोष्ट पाहावी. डॉर्सॅलिस उत्तरेकडे, मुख्य भूमीवर आणि फॉर्मोसात. पपाये दक्षिण थायलंड, मलाया व इंडोनेशियात. त्या एकाच बागेत नांदत नाहीत. त्यांच्यामधील जो मुख्य भेद सांगितला गेला तो अंडनिक्षेपकाच्या सुईच्या व नराच्या शिश्नाच्या लांबीचा: उत्तरेकडच्या मादीची सुई दीड मिलिमीटरच्या आसपास, दक्षिणेकडची पावणेदोन ते दोन मिलिमीटर. दोन टोकांचे नमुने शेजारी ठेवले असता हा भेद स्पष्ट दिसतो यात शंका नाही. परंतु दोन टोके शेजारी ठेवणे हीच येथील मूळ गफलत आहे. पुण्याची बोली व नागपूरची बोली शेजारी ठेवून त्या दोन भाषा आहेत असे कोणी ठरवू लागल्यास त्याला मधल्या गावांतून पायी चालत जाण्याचा सल्ला देणे भाग पडेल.

ही पायी चालत जाण्याची परीक्षा पुढे झाली. क्रा संयोगभूमीच्या उत्तरेपासून मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागापर्यंत ठिकठिकाणी माश्या पकडून क्रॉश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीन गोष्टी तपासल्या: आनुवंशिक खुणा, पंखाचा आकार व नराच्या शिश्नाची लांबी. दोन जातींची सीमारेषा जेथे असावी असे मानले जात होते, त्या पट्ट्यात दोन निराळ्या वंशांचा पुरावा त्यांना सापडला नाही. मापांत फरक होता. पण तो उतारासारखा होता, पायरीसारखा नव्हता. आदल्या वर्षी याच गटाने डॉर्सॅलिस, पपाये व फिलिपिनेन्सिस या तिघींच्या पंखांचा भूमितीय अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातही नमुन्यांतील अंतर जसे वाढत जाते तसा आकारातील फरक वाढत जातो, असेच आढळले होते.

या शोधाचे श्रेय बहुधा रेणवीय पद्धतींना दिले जाते. हे श्रेय अर्धेच खरे आहे. पंखावरील शिरांचे सांधे निवडून त्यांच्या स्थानांची मापे घेणे हे शरीररचनेचेच काम आहे. शिश्नाची लांबी मोजणे हेही तसेच. शरीराच्या खुणा अपुऱ्या ठरल्या म्हणून रेणूंनी त्यांची जागा घेतली, असे येथे झालेले नाही. थोड्या ठिकाणच्या खुणा अपुऱ्या ठरल्या, आणि त्याच खुणा पुष्कळ ठिकाणी, क्रमाने व संख्येने पाहिल्यावर पुरेशा ठरल्या. शरीरलक्षणांवर विश्वास ठेवणाऱ्या जुन्या अभ्यासकांना या निकालात पराभव दिसतो आणि प्रयोगशाळेतील नव्या अभ्यासकांना विजय दिसतो; दोघांचेही वाचन चुकीचे आहे.

सर्वांत वादग्रस्त ठरली ती ‘इन्व्हेडन्स’ची कथा. २००३ मध्ये केनियात एक अपरिचित आशियाई फळमाशी आढळली आणि पाहता पाहता ती आफ्रिका खंडाच्या मोठ्या भागात पसरली. ड्रू, त्सुरुता व व्हाइट यांनी २००५ मध्ये श्रीलंका व आफ्रिका येथील नमुन्यांवरून तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स, म्हणजे ‘आक्रमक’, असे नाव दिले. डॉर्सॅलिसहून ती वेगळी मानण्याचे ठळक कारण पाठीचा रंग: डॉर्सॅलिसची पाठ बहुतांशी काळी, हिची फिकट तांबूस-तपकिरीपासून काळ्यापर्यंत अनेक छटांची, मध्ये भाल्याच्या पात्यासारख्या गडद खुणा असलेली. येथे वाचकाला थबकावे लागते. जी जात एका टोकाला काळी असू शकते, ती काळ्या जातीहून रंगाच्या आधारे वेगळी कशी करावयाची?

भारतीय नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गायीचे लक्षण म्हणून कपिल वर्ण सांगितला तर तो पांढऱ्या गायीत नसतो, ही अव्याप्ती. शिंगे सांगितली तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. अखंड खूर सांगितला तर तो कोणत्याच गायीला नसतो, हा असंभव. गळ्याखालची लोंबती कातडी हे त्यांनी गायीचे निर्दोष लक्षण मानले. इन्व्हेडन्सच्या व्याख्येत कपिल वर्णाचा हाच दोष अक्षरशः अवतरला आहे. तांबूस पाठ म्हणावी तर त्याच जातीच्या काळ्या माश्या बाहेर राहतात. तांबूस ते काळी म्हणावी तर सगळी डॉर्सॅलिस आत येते. १७९४ मध्ये फॅब्रिसियसला या माशीचा गंजाचा रंगच नाव देण्याजोगा वाटला होता, ही आठवण कोणास राहिली असती तर पाठीच्या तांबूसपणाला नावीन्य चिकटवताना हात किंचित आखडला असता. शिवाय रंगाला आणखी एक व्यंग आहे. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली माशी फिकट असते. तिचा रंग स्थिरावण्यास काही दिवस लागतात. सापळ्यात दिवसेंदिवस पडून राहिलेल्या व मद्यार्कात साठवलेल्या नमुन्यांचा रंग पुन्हा पालटतो. रंगाची साक्ष घेताना साक्षीदाराचे वय व त्याला ठेवलेली कोठडी यांचीही चौकशी करावी लागते. हवाई येथील लेब्लांक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या संकुलातील पाठीच्या रंगाची छाननी केली, तेव्हा एकाच जातीच्या आत रंग बदलतो इतकेच नव्हे, तर काळ्या पाठीमुळे एकत्र आणलेले हे संकुलच एका पूर्वजापासून उतरलेला नैसर्गिक गट नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे दोष दोन्ही अंगांनी होता: खुणेने एकाची दोन घरे केली, आणि परक्यांना एका घरात कोंबले.

२०१५ च्या निर्णायक लेखात शुट्झ व सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा पुरावा एकत्र आणला. बाह्य रचना, आनुवंशिकी, गुणसूत्रे, समागमाचे प्रयोग व नराच्या गंधद्रव्यांचे रसायन या साऱ्यांचे जबाब एकत्र वाचून त्यांनी पपाये व इन्व्हेडन्स या जाती डॉर्सॅलिसमध्ये विलीन केल्या. फिलिपिनेन्सिसचा समावेश पपायेत ड्रू व रोमिग यांनीच २०१३ मध्ये केला होता. त्यामुळे तीही ओघानेच आत आली. समागमाचे प्रयोग यात विशेष बोलके आहेत. मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात, झाडासह, संध्याकाळच्या उतरत्या उजेडात निरनिराळ्या प्रदेशांतील माश्या एकत्र सोडल्या असता डॉर्सॅलिस, पपाये व फिलिपिनेन्सिस यांनी जोडीदार निवडताना भेदभाव केला नाही. कॅरांबोलीने मात्र बऱ्याच अंशी स्वजातीयच निवडला. गंधद्रव्यांतही कॅरांबोलीचा नर वेगळा पडतो. म्हणूनच कॅरांबोली ही जात २०१५ च्या छाननीतूनही शाबूत राहिली. १९९४ च्या प्रबंधातील अनुमानांपैकी जे एकाच बागेतील शेजाऱ्यांविषयी होते ते टिकले, आणि जे समुद्र व डोंगर ओलांडून केलेल्या तुलनेवर उभे होते ते कोसळले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

ड्रू व रोमिग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ओळखकुंज्यांच्या ग्रंथात पपाये व इन्व्हेडन्स यांना पुन्हा स्वतंत्र जातींचा दर्जा दिला. या प्रतिस्थापनेचे समर्थन करणे कठीण आहे. ज्या पट्ट्यात उतार आढळला त्या पट्ट्यात पायरी दाखवून देणे, हा एकच मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता, आणि त्या वाटेने ते गेले नाहीत. प्रदीर्घ अनुभव ही वर्गीकरणशास्त्रातील मोठी संपत्ती आहे. हजारो माश्या हाताखालून गेलेल्या माणसाला जे दिसते ते नवख्याला दिसत नाही. परंतु अनुभवी डोळ्याला जे दिसते ते मापात उतरेपर्यंत त्याला प्रमाणाचा दर्जा देता येत नाही. याला शुट्झ प्रभृतींनी २०१७ मध्ये उत्तर दिले. त्या उत्तरातील पुरावा भक्कम आहे. त्याचा सूर मात्र सर्वस्वी पटण्यासारखा नाही. प्रतिस्थापना तज्ज्ञसमीक्षेशिवाय ग्रंथात झाली, या आक्षेपावर त्यांनी जेवढा भर दिला तेवढा देण्याचे कारण नव्हते. १९९४ चा प्रबंध मान्यवर नियतकालिकातच आला होता, आणि त्या मान्यतेने त्यातील दोष टळला नाही. हेंडेल व बेझी यांच्या काळी आजच्यासारखी समीक्षेची पद्धत नव्हती. तरी बेझींचा अंदाज या एका बाबतीत सत्याच्या जवळ होता. अधिकार व्यक्तीकडून काढून प्रक्रियेकडे सोपवला तरी तो अधिकारच राहतो. आक्षेप घ्यावयाचा तो एवढाच की, सांगितलेली खूण तिसऱ्या माणसाला, तिसऱ्या ठिकाणच्या माशीवर पडताळून पाहता येत नाही.

हा वाद विद्यापीठांच्या भिंतींच्या आत राहिला असता तर त्याकडे कीटकशास्त्राबाहेरच्या कोणाचे लक्ष गेले नसते. पण जातीचे नाव हे बंदराच्या दारातील परवान्यावर लिहिले जाते. आफ्रिकेतील माशी ‘इन्व्हेडन्स’ या निराळ्या नावाने वावरत होती तोवर डॉर्सॅलिसविरुद्ध आशियात सिद्ध झालेले उपचार तिलाही लागू पडतात असे कागदोपत्री म्हणता येत नव्हते. प्रत्येक उपचाराचा पुरावा नव्याने मागितला जाऊ शकत होता. क्वीन्सलँडमध्ये १९९५ साली केर्न्सजवळ जी माशी सापडली तिच्याविरुद्धची मोहीम ‘पपई फळमाशी’ या नावाने चालवली गेली आणि १९९९ मध्ये ती माशी निर्मूल झाल्याचे जाहीर झाले. आज त्या नावाची जात शास्त्रात उरलेली नाही. वंध्य नर सोडून माशीची वीण रोखण्याच्या पद्धतीत तर जातिनिर्णयावरच सर्व भिस्त असते, कारण सोडलेला नर रानातील मादीने स्वीकारला नाही तर सारा खर्च पाण्यात जातो. डॉर्सॅलिस व पपाये एक असतील तर एका ठिकाणी वाढवलेले नर दुसरीकडे उपयोगी पडतील. वेगळ्या असतील तर प्रत्येकीसाठी निराळी पैदास करावी लागेल.

उलट बाजूचे उदाहरणही नोंदले पाहिजे, नाही तर भेद करणे हाच दोष आहे असा ग्रह व्हावयाचा. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये १९७५ साली एक आशियाई फळमाशी सापडली आणि तिची ओळख प्रथम डॉर्सॅलिस अशी केली गेली. पुढे ती कॅरांबोली असल्याचे निश्चित झाले. १९९६ पर्यंत ती ब्राझीलच्या अमापा प्रांतात पोचली होती. तेथे डॉर्सॅलिस नाही, कॅरांबोली आहे, हे जाणल्यावाचून तिच्याविरुद्ध योग्य ती योजना आखता आली नसती. आणि ते जाणण्याची साधने १९९४ च्या प्रबंधानेच हाती दिली होती.

भारतातील परिस्थितीकडे वळल्यास चित्र पुष्कळसे दिलासा देणारे आहे. बिहारमधील पुसा येथे हाउलेट यांनी १९१२ ते १९१५ या काळात फळमाशीचे नर सिट्रोनेला तेलाकडे व मिथिल युजेनॉलकडे धाव घेतात हे दाखवून दिले. आज जगभर वापरले जाणारे सापळे त्याच शोधावर उभे आहेत. कोकणातील आंब्याच्या बागेत असा सापळा टांगला तर त्यात डॉर्सॅलिस, झोनाटा व करेक्टा या तिन्ही जातींचे नर एकत्र पडू शकतात, कारण तिघींनाही एकच आमिष पुरते. पण त्यांची निवड करण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. साधे भिंग पुरेसे आहे. डॉर्सॅलिसच्या पंखाच्या कडेचा पट्टा टोकापर्यंत अखंड असतो. झोनाटा व करेक्टा यांच्यात तो तुटलेला असून टोकाशी केवळ एक डाग उरतो. या दोघींतही झोनाटाचे अंग तांबूस व चेहऱ्यावरचे दोन काळे ठिपके सुटे; करेक्टाची पाठ काळपट व चेहऱ्यावर ते ठिपके जुळून झालेली आडवी काळी रेघ. येथे एकाच सापळ्यातून, एकाच झाडाखालून आलेल्या शेकडो माश्या तपासल्या तरी हे भेद एकमेकांची साथ सोडत नाहीत. बाह्य लक्षणांचा निषेध करणाऱ्यांनी या तीन माश्यांकडे पाहावे.

मात्र प्रौढ माशीला जे लागू ते अळीला लागू नाही, आणि परदेशी बंदरात पकडली जाते ती अळी. मुखातील आकड्यांचा आकार व श्वासरंध्रांवरील बोटांची संख्या यांवरून अळीचे कुल व क्वचित प्रजाती ठरवता येते. पण डॉर्सॅलिससारख्या जवळच्या जातींची निवड करण्यास ही लक्षणे पुरी पडत नाहीत. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर व काही भाज्यांवर बंदी घातली, ती आंब्यापुरती २०१५ च्या आरंभी उठली. त्या व्यवहारात ‘युरोपबाहेरील फळमाश्या’ असा संपूर्ण कुलाचाच उल्लेख होता, कोणा एका जातीचा नव्हता. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराचा हंगाम ज्या शब्दावर अडला, त्या शब्दात जातिभेदाच्या साऱ्या शास्त्रार्थाला जागाच नव्हती. अमेरिकेने तर हा प्रश्न दुसऱ्याच रीतीने निकालात काढला. लासलगाव येथील ‘कृषक’ केंद्रात विकिरण केलेला आंबा २००७ पासून तेथे जाऊ लागला. त्यासाठी ठरलेली ४०० ग्रेची मात्रा सर्वसाधारण कीटकांसाठी आहे, आणि नुसत्या फळमाश्यांसाठी संपूर्ण कुलाला मिळून १५० ग्रेची एकच मात्रा मान्य झालेली आहे. किरणांना माशीची जात विचारावी लागत नाही. यावरून जातिनिर्णय निरर्थक ठरला असे मात्र समजू नये. बागेत कोणती माशी केव्हा वाढते, कोणत्या फळावरून कोणत्या फळावर जाते, हे जाणल्यावाचून बागेतील उपाय करता येत नाही. बंदरातील उपाय हा शेवटचा असतो, पहिला नव्हे.

भारतीय अभ्यासकांपुढे या संकुलातील जे काम शिल्लक आहे ते दक्षिणेकडच्या कॅरिये या माशीसंबंधीचे. १९७१ मध्ये कपूर यांनी वर्णिलेली ही माशी डॉर्सॅलिससारखीच काळ्या पाठीची व अखंड पट्ट्याची आहे. तिच्या मांड्यांवरील मोठे काळे डाग हे तिचे प्रमुख वेगळेपण. हे डाग नुसते रंगाचे असल्यामुळे वरील विवेचनावरून त्यांच्याकडे संशयाने पाहण्याचा मोह होईल. परंतु कॅरिये व डॉर्सॅलिस दक्षिण भारतात एकाच प्रदेशात आढळतात, आणि म्हणून हे डाग पपायेच्या अंडनिक्षेपकापेक्षा कितीतरी अधिक वजनदार पुरावा ठरतात. सह्याद्रीच्या रांगेने डांगपासून दक्षिणेकडे ठराविक अंतरावर, एकाच ऋतूत, एकाच आमिषाने माश्या पकडून प्रत्येकीच्या मांडीवरील डाग, पंखावरील शिरांची मापे व शिश्नाची लांबी नोंदवत गेल्यास तो पुरावा सिद्धही होईल किंवा फेटाळलाही जाईल. असे काम करताना नमुना कोषातून बाहेर पडल्यावर किती दिवसांनी मारला, तो कोरडा ठेवला की मद्यार्कात, याची नोंद चिठ्ठीवर असली पाहिजे. आणि नव्या ओळखकुंजीत पाठीच्या रंगाचा प्रश्न पहिल्या जोडीत येता कामा नये; पट्टा, चेहरा व मांडी यांची उत्तरे मिळाल्यानंतर, फार तर शेवटच्या जोडीत, आणि तोही निदान आठवडाभर जगलेल्या माशीलाच विचारला जावा.